रोझवुडचे दोन थर जुळत नसतील तर: फट, सरकलेला रंग आणि बुजलेली नक्षी

अमेरिकन ‘वेस्टर्न’ धाटणीची जाडजूड, नक्षीदार अक्षरे हवी असली की बहुतेक डिझायनर रोझवुड उघडतात. ॲडोबीने 1994 साली काढलेला हा फॉन्ट किम बुकर चॅन्सलर, कार्ल क्रॉसग्रोव्ह आणि कॅरल टुम्ब्ली यांनी बेतला. त्याचा आधार होता विल्यम पेज या अमेरिकन उत्पादकाचे 1874 सालचे रंगीत लाकडी टाइपांचे नमुनापुस्तक. रोझवुडच्या फाइली दोन. ‘फिल’मध्ये भरीव अक्षर, ‘रेग्युलर’मध्ये कडा आणि नक्षी. खाली फिल एका रंगात, वर रेग्युलर दुसऱ्या रंगात, असे ते बसवायचे असते. त्याच वर्षीचे झेब्रावुड आणि पेपरवुडही असेच एकावर एक रचायचे फॉन्ट आहेत, त्यामुळे पुढचे सगळे त्यांनाही लागू पडते.

बिघाड जवळजवळ नेहमी एकच असतो: वरचा थर आणि खालचा थर एकमेकांवर बसत नाहीत. दोष बहुतेक वेळा फॉन्टच्या माथी मारला जातो आणि फॉन्ट बहुतेक वेळा निर्दोष असतो. पेजच्या काळात प्रत्येक रंगाचे अक्षर वेगळ्या लाकडी ठोकळ्यावर कोरलेले असे आणि दोन्ही ठोकळ्यांची रुंदी सारखी ठेवलेली असे. दोन अक्षरांमधले अंतर लाकूडच ठरवत असे, म्हणून दोन्ही छपायांत ते बदलण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकावर हे अंतर सॉफ्टवेअर ठरवते, आणि प्रत्येक थरासाठी स्वतंत्रपणे ठरवते. दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले की रंग सरकला.

## लक्षणे

- अक्षराच्या एका बाजूला पांढरी फट, दुसऱ्या बाजूला रंग कडेबाहेर आलेला.
- ओळीच्या सुरुवातीला सगळे ठीक, शेवटाकडे रंग सरकत जातो.
- मधोमध लावलेल्या ओळीत मधली अक्षरे बरोबर, पण दोन्ही टोके विरुद्ध दिशांना सरकलेली.
- ओळभर रंग सारखाच वर किंवा खाली.
- एखाद्या विशिष्ट जोडीनंतरच (‘ए’ आणि ‘व्ही’, ‘एल’ आणि ‘टी’) अचानक धक्का बसल्यासारखी सरक.
- सरळ ओळ जुळते, कमान दिली की बिघडते.
- स्क्रीनवर केसासारखी पांढरी रेघ, झूम बदलला की गायब.
- स्क्रीनवर चोख, छापून आल्यावर फट.
- नक्षीच्या जागी नुसता गडद डाग.
- खालचा रंग दिसतच नाही.

हात लावण्याआधी एकच गोष्ट नीट बघा: सरक वाढत जाते, सारखी राहते, की एका जागी उडी मारते? वाढत जात असेल तर अक्षरांमधले अंतर किंवा अक्षरांची रुंदी वेगळी आहे. ओळभर सारखी असेल तर अंतर ठीक आहे, फक्त एक थर जागेवरून हललेला आहे. एका जोडीपाशी उडी असेल तर कर्निंग, म्हणजे विशिष्ट दोन अक्षरांमधले कमी-जास्त केलेले अंतर. आणि हे काहीच स्क्रीनवर दिसत नसून फक्त कागदावर दिसत असेल तर फाइलमधली अक्षरे सोडून छपाईकडे बघा. एवढे ओळखले की खालच्या निम्म्या तपासण्या वगळता येतात.

## 1. स्क्रीन खोटे बोलतेय का?

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट, म्हणून आधी हेच. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय दाबून आउटलाइन दृश्यात जा, मग एका अक्षराची कड 1600 टक्क्यांपर्यंत मोठी करून बघा. रेषा जिथे असायला हव्यात तिथेच असतील तर पांढरी रेघ ही कडा गुळगुळीत दाखवण्याच्या प्रक्रियेतून आलेली आहे. ती छापली जाणार नाही.

पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये बघत असाल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘पेज डिस्प्ले’मध्ये जाऊन ‘एन्हान्स थिन लाइन्स’ बंद करा. हा पर्याय चालू असला की बारीक रेषा स्क्रीनवर जाड दिसतात आणि रोझवुडची आतली नक्षी बुजल्यासारखी वाटते. ग्राहकाला पीडीएफ पाठवल्यावर ‘अक्षरे काळी झालीत’ असा फोन आला तर त्याच्याकडचा हा पर्याय आधी विचारून घ्या. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

## 2. दोन्ही थरांत मजकूर तोच आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण वगळू नका. ग्राहकाने शेवटच्या क्षणी बदल सांगितला, वरच्या थरात केला, खालच्यात राहिला, असे सतत घडते. शब्दामागची जादा स्पेस डोळ्याला दिसत नाही, पण मधोमध लावलेल्या ओळीत ती अर्ध्या स्पेसएवढी सरक आणते. ‘शो हिडन कॅरेक्टर्स’ चालू करून बघा.

मोठी लिपी (कॅपिटल) की छोटी, हेही बघा. वेस्टर्न धाटणीच्या कित्येक फॉन्टांत छोट्या अक्षरांच्या जागी तीच मोठी अक्षरे किंवा जरा लहान आकाराची मोठी अक्षरे भरलेली असतात. एका थरात छोट्या लिपीत टाइप झाले असेल तर स्क्रीनवर शब्द ‘बरोबर’ वाचला जातो, पण आकार जुळत नाहीत.

दुरुस्तीपेक्षा सोपी युक्ती म्हणजे दुसरा थर नव्याने टाइपच करू नये. खालचा थर पूर्ण तयार करा, त्याची त्याच जागी प्रत काढा आणि प्रतीचा फक्त फॉन्ट आणि रंग बदला. इलस्ट्रेटरमध्ये कॉपी करून कंट्रोल आणि एफ, इनडिझाइनमध्ये ‘पेस्ट इन प्लेस’, कोरलड्रॉमध्ये अंकांच्या बाजूचे अधिक चिन्ह, फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि जे.

## 3. कर्निंग ‘ऑप्टिकल’वर आहे का?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर हाच. कॅरेक्टर पॅनेलमध्ये कर्निंगचे दोन स्वयंचलित प्रकार असतात. ‘मेट्रिक्स’ म्हणजे फॉन्टमध्ये लिहून ठेवलेली अंतरे घेणे. ‘ऑप्टिकल’ म्हणजे सॉफ्टवेअरने अक्षरांचा आकार बघून स्वतः अंतर ठरवणे. फिल आणि रेग्युलर यांचे आकार मुळातच वेगळे आहेत. एक भरीव, दुसऱ्याला कडा आणि पोकळ नक्षी. त्यामुळे ऑप्टिकल कर्निंग प्रत्येक थराला वेगळे अंतर देते, आणि प्रत्येक जोडीला थोडा थोडा फरक साचत जाऊन ओळीच्या शेवटी नजरेत भरतो.

दोन्ही थर निवडा आणि कर्निंग ‘मेट्रिक्स’ करा. तरीही एखाद्या जोडीपाशी उडी राहिली तर दोन्ही थरांना कर्निंग शून्य द्या आणि जिथे जोडी सैल वाटते तिथे हाताने तोच आकडा दोन्हीकडे भरा. मोठ्या पाटीवर आठ-दहाच अक्षरे असतात, एवढे काम हाताने सहज होते.

त्याच पॅनेलमध्ये असताना बाकीचे आकडेही ओळीने तपासा: आकार, लीडिंग, ट्रॅकिंग, आडवी आणि उभी टक्केवारी, बेसलाइन शिफ्ट. आडवी टक्केवारी एका थरात 100 आणि दुसऱ्यात 99.6 अशी निघाली तर समजा कोणीतरी चौकट धरून ओढली आहे. असले अर्धेमुर्धे आकडे दिसले की दुरुस्त करत बसू नका. तो थर काढून टाका आणि वर सांगितल्याप्रमाणे नवी प्रत करा.

ओपनटाइपचे लिगेचर (दोन अक्षरांचे जोडरूप) आणि पर्यायी अक्षरे दोन्हीकडे बंद ठेवा. एका फाइलमध्ये ती सोय आहे आणि दुसऱ्यात नाही, असे झाले तर एकच अक्षर बदलते आणि पुढची सगळी ओळ सरकते. इनडिझाइनमध्ये स्टोरी पॅनेलमधले ‘ऑप्टिकल मार्जिन अलाइनमेंट’ही बंद हवे, आणि जस्टिफाय केलेला मजकूर तर या कामात ठेवूच नका.

## 4. सगळा रंग सारखाच वर-खाली

अंतरे ठीक आहेत, पण ओळभर रंग एका दिशेने हललेला आहे. चौकटीतला मजकूर असेल तर पहिली बेसलाइन, म्हणजे अक्षरे जिच्यावर उभी राहतात ती रेषा, कुठून धरली आहे ते बघा. इनडिझाइनमध्ये कंट्रोल आणि बी, मग ‘बेसलाइन ऑप्शन्स’. तिथे ‘असेंट’ किंवा ‘कॅप हाइट’ असेल तर बेसलाइन फॉन्टच्या उंचीवरून ठरते, आणि दोन फाइलींत ही उंची वेगळी नोंदलेली असली तर चौकटी तंतोतंत एकावर एक ठेवूनही अक्षरे जुळत नाहीत. ‘फिक्स्ड’ निवडून दोन्हीकडे एकच आकडा द्या. इलस्ट्रेटरमध्ये हाच पर्याय ‘एरिया टाइप ऑप्शन्स’मध्ये आहे. तिथे मात्र चौकट न करता एका ठिकाणी क्लिक करून टाइप केलेला मजकूर वापरलात तर हा प्रश्नच येत नाही.

दुसरे कारण म्हणजे अलाइन. कोरलड्रॉत मजकूर कर्व्ह करायचा (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करायचे), दोन्ही निवडायचे आणि सी, ई दाबून मधोमध आणायचे, ही हाताला बसलेली सवय असते. इथे ती नडते. अलाइन वस्तूच्या बाहेरच्या चौकोनावरून होते. रेग्युलरला कडा आहे, फिलला नाही. एखाद्या फॉन्टात कडेला एकाच बाजूने सावलीही असते. मग दोन्ही चौकोनांचे मध्य वेगळे पडतात आणि ‘अलाइन’ केल्यानेच थर हलतो. या फॉन्टांचे थर कधीही अलाइन करून जुळवू नयेत. त्याच जागी प्रत काढणे हा एकच खात्रीचा मार्ग.

## 5. कमान दिल्यावर बिघडते

वेस्टर्न पाटी म्हटली की कमान आलीच. वॉर्प किंवा एन्व्हलप दोन्ही थरांना वेगवेगळा दिला, तोही अगदी त्याच टक्केवारीने, तरी जुळणार नाही. कारण वरचेच: वाकवण्याचे गणित प्रत्येक वस्तूच्या बाहेरच्या चौकोनावर चालते आणि चौकोन वेगळे आहेत. मध्यभागी ठीक दिसते, टोकांकडची अक्षरे वेगळ्या कोनात कलतात.

दोन्ही थर आधी सरळ ओळीत जुळवा, ग्रूप करा, आणि ग्रूपला एकदाच वॉर्प द्या. फोटोशॉपमध्ये ‘वॉर्प टेक्स्ट’ दोन्ही लेयरना देण्याऐवजी दोन्ही मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि त्याला वाकवा. मजकूर वक्र रेषेवर बसवला असेल तर ती रेषा एकच हवी, म्हणजे पुन्हा त्याच जागी काढलेली प्रत. शिवाय रेषेवरची सुरुवातीची आणि शेवटची खूण दोन्हीकडे त्याच जागी हवी. त्या खुणा चुकून ओढल्या जातात आणि ओळ कमानीवरून घसरल्यासारखी दिसते.

## 6. फॉन्टच्या दोन्ही फाइली एकाच घरच्या आहेत का?

आता जरा कष्टाचे. वरचे सगळे करूनही सरक वाढतच जात असेल तर फाइलींवर संशय घ्या. रोझवुड जुन्या सीडींवरून, क्रिएटिव्ह सूटच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर आणि पुढे ओपनटाइप ‘स्टँडर्ड’ नावाने, असा वेगवेगळ्या रूपांत संगणकांवर आलेला आहे. फिल एका संचातला आणि रेग्युलर दुसऱ्यातला, अशी जोडी बसली की मेळ बसेलच असे नाही. फुकट डाउनलोडच्या साइटींवरच्या, नाव बदललेल्या प्रतींबद्दल तर काहीच भरवसा धरू नका. त्यांत रुंदी बदललेली असते, कर्निंगची कोष्टके गायब असतात, आणि त्या वापरण्याचा परवाना तुमच्याकडे नसतो ते वेगळेच.

टाइप वन या ओपनटाइपआधीच्या जुन्या प्रकारातल्या फाइलींचा प्रश्न निराळा आहे. ॲडोबीने जानेवारी 2023 मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा आधार काढून घेतला. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की त्यातला टाइप वनचा थर ‘मिसिंग’ होतो आणि त्या जागी दुसराच फॉन्ट येतो. इनडिझाइनमध्ये असा मजकूर गुलाबी पट्ट्यात दिसतो. टाइप मेनूतल्या फॉन्ट शोधण्याच्या खिडकीत दोन्ही नावे आणि त्यांचा प्रकार वाचा. एक टाइप वन आणि एक ओपनटाइप दिसले तर दोन्ही काढून टाका आणि एकाच संचातले दोन्ही नव्याने बसवा. पीडीएफमध्ये आधीच गुंफलेले टाइप वन फॉन्ट अजूनही नीट दिसतात आणि छापतात, म्हणून जुनी छापील पीडीएफ हाताशी असेल तर ती टाकू नका. जुळणी कशी होती हे दाखवणारा तोच नमुना.

रुंदी खरोखर वेगळी आहे का हे मोजायचे असेल तर फॉन्टफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. दोन्ही फाइली उघडा आणि तुमच्या शब्दातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी दोन्हीकडे बघून कागदावर लिहा. ओपनटाइप पोस्टस्क्रिप्ट फॉन्टांत एक एम (फॉन्टच्या आकाराएवढे माप) साधारणपणे 1000 एककांचा असतो. एका अक्षरात 5 एककांचा फरक निघाला तर 72 पॉइंटला तो 0.36 पॉइंट होतो. दहा अक्षरांनंतर 3.6 पॉइंट, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून जास्त. डोळ्याला न दिसणारा फरक ओळीच्या शेवटी एवढा का होतो, ते यावरून कळेल.

फक्त बघा, बदलू नका. रुंदी दुरुस्त करून फॉन्ट नव्याने साठवणे हे बहुतेक परवान्यांत बसत नाही. अंतर जुळवायचेच असेल तर मजकूर कर्व्ह करून एकेक अक्षर जागेवर न्या. आठ-दहा अक्षरांच्या पाटीला हे परवडते, पानभर मजकुराला नाही.

## 7. कर्व्ह करताना नक्षी भरून येते

मजकूर कर्व्ह करून पाठवला आणि छापखान्यातून ‘आतली डिझाइन गेली’ असे कळले, तर बहुधा अक्षराचे भाग सुटे होऊन पुन्हा चुकीचे जोडले गेले आहेत. नक्षी म्हणजे अक्षराच्या आतली भोके. ती भोके राहण्यासाठी सगळे भाग मिळून एक कंपाउंड पाथ असावा लागतो. कोणी ‘ब्रेक अपार्ट’ केले आणि मग नुसते ग्रूप केले, की भोके भरीव आकार होऊन बसतात. कोरलड्रॉत ‘कम्बाइन’, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि 8 वापरून अक्षर पुन्हा जोडा, आणि हे एकावेळी एकाच अक्षरावर करा. सगळी ओळ एकदम जोडली तर जिथे शेजारची अक्षरे एकमेकांवर चढतात तिथे नवीन भोक पडते.

कर्व्ह करण्याआधीची, टाइप करता येणारी प्रत वेगळ्या लेयरवर लपवून ठेवा. ती नसेल तर पुढे फोन नंबरमधला एक आकडा बदलायलाही सगळे काम पहिल्यापासून.

नक्षी बुजण्याचे दुसरे कारण आकार आहे. शब्द 100 पॉइंटला कर्व्ह करा आणि सर्वांत बारीक रेघ मोजा. समजा ती 1.2 पॉइंट भरली. मग 24 पॉइंटला तीच रेघ 0.29 पॉइंट होईल. गडद रंगाची बारीक रेघ चांगल्या कागदावर 0.25 पॉइंटपर्यंत टिकते, पण गडद पार्श्वभूमीतली उलटी पांढरी रेघ 0.5 पॉइंटखाली शाईने भरून येते. फ्लेक्सवर आणि कापडावर याहून जाड लागते. हा फॉन्ट मथळ्यासाठी आणि पाटीसाठी आहे; व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता त्यात लावायचा हट्ट कोणी धरला तर नुसता ‘फिल’ वापरा. तो एकटाही छान दिसतो, आणि माझ्या मते बऱ्याच कामांत दोन थरांपेक्षा जास्त ठसतो.

मजकुराला वरून स्ट्रोक देऊन ‘अजून बोल्ड’ करणे हाही नक्षीचा शत्रू. स्ट्रोक रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणजे प्रत्येक भोक सर्व बाजूंनी आवळले जाते.

## 8. फाइल चोख, छापल्यावर फट

भिंग घ्या आणि छापील कागदाच्या कडेच्या रजिस्टर खुणा (रंग एकमेकांवर बसलेत का ते दाखवणाऱ्या) बघा. खुणांमधले रंगही तेवढेच सरकलेले असतील तर दोष मशीनवरचा आहे आणि ऑपरेटरच तो काढू शकतो. खुणा बरोबर असतील तर फाइलकडे परत या.

ऑफसेटवर दशांश मिलिमीटरभर हालचाल ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. कागद ओलाव्याने वाढतो, ताणला जातो. ही हालचाल गिळण्याची सोय फाइलमध्ये हवी. तीन मार्ग आहेत, स्वस्तापासून सांगतो.

पहिला रंगनिवडीचा, आणि तो सगळ्यांत कमी वापरला जातो. दोन्ही रंगांत एखादी शाई समाईक ठेवा. उदाहरणार्थ फिलला मॅजेंटा 30 आणि यलो 100, रेग्युलरला मॅजेंटा 90, यलो 100 आणि ब्लॅक 40. आता पिवळी शाई दोन्ही थरांखालून सलग जाते. काळी किंवा मॅजेंटाची प्लेट जराशी हलली तरी फटीत कोरा कागद न दिसता पिवळसर रंग दिसतो आणि नजर तिथे अडकत नाही. याउलट फिल नुसत्या सायनमध्ये आणि नक्षी नुसत्या मॅजेंटात असेल, तर केसभर सरकही पांढरी चमकते.

दुसरा ओव्हरप्रिंटचा. वरचा थर गडद असेल तर ‘ॲट्रिब्यूट्स’ पॅनेलमध्ये त्याला ‘ओव्हरप्रिंट फिल’ द्या. मग खालच्या रंगात नक्षीच्या आकाराची पोकळी काढली जात नाही, म्हणून फट पडायला जागाच उरत नाही. इनडिझाइन आपला 100 टक्के काळा स्वॉच आपोआप ओव्हरप्रिंट करते, पण गडद तपकिरी किंवा मरूनला ते करत नाही, आणि वेस्टर्न कामात नेमके तेच रंग असतात. नंतर ‘ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू’ चालू करून बघायला विसरू नका, कारण पांढऱ्या थराला चुकून ओव्हरप्रिंट लागले तर तो छपाईत पूर्ण नाहीसा होतो.

तिसरा ट्रॅपिंगचा, वरचा थर फिका असतो तेव्हा लागणारा. फिका रंग गडद रंगात थोडा पसरवायचा. ऑफसेटला 0.25 पॉइंट ही नेहमीची सुरुवात, टी-शर्टवरच्या स्क्रीन प्रिंटिंगला 1 ते 2 पॉइंट. पण रोझवुडसारख्या नक्षीत बारीक रेषा आधीच काठावर असतात, ट्रॅप दिला की त्याच बुजतात. म्हणून ट्रॅप देण्याआधी सातव्या भागातला हिशेब पुन्हा करा. गडद रेघ 0.6 पॉइंटची आणि तिच्यात फिका रंग दोन्ही बाजूंनी 0.25 पसरवला, तर 0.1 पॉइंट उरते. म्हणजे काहीच नाही.

रेडियम कटिंगमध्ये (चिकटणाऱ्या रंगीत शीटमधून अक्षरे कापण्यात) वेगळी गंमत. तिथे थर हाताने चिकटवले जातात, त्यामुळे मिलिमीटरभर फरक गृहीतच धरा. फिल पूर्ण भरीव कापून खाली लावा, रेग्युलर वर. नक्षीच्या आकाराची भोके खालच्या थरात पाडून दोन रंग शेजारी शेजारी बसवायला गेलात तर कधीच जुळणार नाहीत. आणि 2 मिलिमीटरहून बारीक सुटे तुकडे उन्हापावसात उचकटतात, ते आधीच काढून टाका.

## 9. वेबपानावर

दोन थर एकाच ग्रिडच्या एकाच खणात ठेवा, दोन्हींना तोच आकार, तीच लाइन-हाइट आणि कर्निंग बंद. वरचा थर स्क्रीन रीडरपासून लपवा, नाहीतर शब्द दोनदा वाचला जातो. पान उघडताना क्षणभरच सरकत असेल तर एक फाइल आधी आणि दुसरी उशिरा पोचते आहे. दोन्ही येईपर्यंत मथळा लपवणे हा साधा इलाज. थर हवेच असा आग्रह नसेल तर निकोल फॉली यांचा राय हा एकथरी वेस्टर्न फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्यात मिळतो. तिथे जुळवायचेच काही नाही.

## 10. मजकूर मराठी असेल तर

‘खालचा रंग दिसतच नाही’ या लक्षणाचे कारण बहुतेक वेळा हेच. रोझवुडमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. फॉन्टचे नाव पॅनेलमध्ये रोझवुड दिसत असले तरी सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट लावते, आणि दोन्ही थरांना तोच लावते. वरचा भरीव थर खालच्याला पूर्ण झाकतो. कितीही सेटिंग बदलले तरी यातून नक्षी निघणार नाही.

जवळपास तसा परिणाम हवा असेल तर मुळातच जाड देवनागरी फॉन्ट घ्या. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मोदक चालतो, तोही गुगल फॉन्ट्सवर आहे. मजकूर कर्व्ह करा आणि प्रत्येक शब्दातली सगळी अक्षरे आधी ‘युनाइट’ करून एकसंध करा. शिरोरेषा अक्षरागणिक तुकड्यांची बनलेली असते. एकसंध न करता कड काढली तर प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते. मग ‘ऑफसेट पाथ’ने आत एक रेघ काढा. मोदकमधली आतली पोकळी मुळातच अगदी अरुंद असते, त्यामुळे कड नेहमी आतल्या बाजूला काढा. बाहेर काढली तर ‘ष’ आणि ‘क्ष’ बंद होतात.

## कुठे थांबायचे

प्लेट निघाल्या असतील तर फाइलला हात लावू नका. आधी छापखान्याला फोन करा, नाहीतर जुनी प्लेट आणि नवी फाइल असा नवा घोळ होतो. छापखान्याच्या आरआयपीवर (फाइलची छपाईसाठी प्रतिमा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ट्रॅपिंग आपोआप होत असेल तर तुमचा ट्रॅप काढून टाका. दोन्ही लागले की कडेला तिसऱ्या रंगाची जाड रेघ येते. पॅकेजिंग, धातूचा पत्रा, फॉइल आणि खास शाईच्या कामात ट्रॅपिंग स्वतः करूच नका, ते प्रीप्रेसवाल्यांचे, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणाऱ्यांचे, काम आहे. फॉन्टच्या दोन फाइलींत रुंदीचा फरक मोजून सापडला आणि मजकूर मोठा असेल, तर फॉन्ट विकणाऱ्याला कळवा किंवा टाइप डिझायनरला दाखवा.

प्रीप्रेसकडे जाताना चार गोष्टी सोबत न्या: कर्व्ह न केलेली मूळ फाइल, कर्व्ह केलेली पीडीएफ, खऱ्या आकारातला लेझर प्रिंट, आणि बिघडलेला छापील कागद रजिस्टर खुणांसकट, कडा न कापता. सरक वाढणारी आहे की सारखी, हे प्रिंटवर पेनने दाखवून ठेवा. तो माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.